नोव्हेंबरात आखाजीच्या झोक्याची चौकशी: ही प्रेमपत्रं म्हणायची का?

पांझराकाठ

मंडळी, राम राम. गावाकडच्या धाब्याच्या घराचं काम काढलंय. मधल्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली तर आत नानांची (माझे आजोबा) जुनी कागदपत्रं निघाली. सोसायटीच्या पावत्या, इंजिनाचं गॅरंटी कार्ड आणि एका सुतळीत बांधलेली पत्रं. सगळी एकाच माणसाची. नानांचे बालमित्र, त्यांना आम्ही बापू म्हणायचो. बापू १९७१ च्या लढाईत होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

पत्रं वाचून मी जरा हिरमुसलोच. लढाईवर गेलेला बाविशीतला पोरगा, आणि लिहितो काय? "स. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम. कपाशीला बोंडे कशी धरली? विहिरीला पाणी किती परस आहे? इंजिनाचा पट्टा बदलला का?" पुढे पोळ्याला बैल कोणी मिरवले, तांबड्या गोऱ्ह्याचं नाक टोचलं का, अमळनेरच्या बाजारात भुईमुगाला काय भाव निघाला. शेवटी "लहानथोरांस नमस्कार, कळावे, लोभ असावा." बंदुकीचा आवाज एकाही ओळीत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. जवळजवळ प्रत्येक पत्रात, मधेच कुठेतरी, हे वाक्य येतं: "औंदा आखाजीचा झोका कोणत्या निंबाला बांधणार ते कळवावे." एक पत्र नोव्हेंबरातलं आहे. त्यातही हेच! आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिल-मेमध्ये. नोव्हेंबरात झोक्याचं काय?

मला वाटतं ते वाक्य नानांसाठी नव्हतंच. की मीच उगाच ताणतोय? तुमचं मत सांगा.

पुणेकर_मूळ_जळगाव

ताणताय, दादा. शेतकऱ्याचं वर्ष आखाजीला बदलतं. सालदाराचं (वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं) साल आखाजीला सरतं, नवा सालदार त्याच दिवशी ठरतो, देणीघेणी तेव्हाच. तेव्हा "आखाजीला काय करणार" म्हणजे "पुढच्या वर्षी काय करणार". सरळ प्रश्न आहे. सुट्टी आखाजीला मिळेल या हिशोबानेही विचारलं असेल.

अहिराणी_भो

राम राम मंडई. आखाजीना झोका म्हंजे पोरीस्नं राज. माणसं त्या दिवशी पत्ता खेतस, झोकाकडे कोन दखस? मंग फौजीले झोकानी काय पंचाईत? तुम्ही उगाच इतलं लिखी ऱ्हायनात. दिल लागेल व्हतं, बस.

केळीची_वेफर

अहिराणी भो, एक नंबर!

पुणेकर, सालदाराचा मुद्दा बरोबर आहे, पण मग "सालदार कोण ठेवणार" असं विचारलं असतं ना. आमच्याकडे फैजपूरला माझी आजी सांगायची, आखाजीला माहेरवाशिणी यायच्या, कुवारणी आणि सासुरवाशिणी एकाच झोक्यावर, आणि गाणी अशी की सासरच्यांची सालटी काढलेली. पुरुषाने तिकडे फिरकायचं नाही. तरणी पोरं लांबून, विहिरीच्या थारोळ्यावर (मोटेचं पाणी पडतं तिथे) बसून बघायची. निंब कोणता, यावर थारोळ्यावरून दिसतं की नाही हे ठरायचं.

पांझराकाठ, एक सरळ विचारते. नानांना धाकटी बहीण होती का हो?

पांझराकाठ

होती. आहे. जिजी. सत्तरी कधीच ओलांडली, तब्येत ठणठणीत, आमच्यापासून दोन गावं पलीकडे राहते. आणि हो, बापू म्हणजे जिजीचे यजमान. हे मुद्दाम आधी लिहिलं नाही, नाहीतर सगळे एका सुरात "वा वा, काय प्रेम" म्हणाले असते. लग्न १९७२ च्या उन्हाळ्यात झालं. पत्रं लिहिताना सोयरीक पक्की झाली होती की नाही, हे सांगणारं आता कोणी राहिलं नाही. बापूही गेले.

केळीची_वेफर

बघा!!

सुभेदार_एरंडोल

जय हिंद. मी १९७१ चा नाही, बराच नंतरचा, पण कारगिलच्या वेळी वर होतो. पत्रांबद्दल थोडं सांगतो, म्हणजे कपाशी-गोऱ्ह्याचं कोडं सुटेल.

पांझराकाठ, आधी पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बघा. नंबर, नाव, पलटण आणि खाली ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ९९ एपीओ असेल. ५६ ची टपाल दिल्लीवरून फिरायची, ९९ ची कोलकात्यावरून. माणूस पठाणकोटला आहे की आगरतळ्याला, घरच्यांना कळत नसे. ते कळू नये म्हणूनच ही व्यवस्था.

दुसरं. ऑपरेशनच्या काळात पत्र बंद करून टाकायचं नसतं. साहेब वाचतात. जागा, हत्यार, हालचाल, किती माणसं, काही लिहायचं नाही. लिहिलं तर काळं फासून पत्र पुढे जातं किंवा जातच नाही. आता मला सांगा, आपला कंपनी कमांडर वाचणार आहे हे माहीत असताना कोण लिहील, "तुझ्यावाचून करमत नाही"? आणि साहेबाचं सोडा. पत्र आलं की सेक्शनमधले सगळे गोळा होतात. एकाचं पत्र सगळे ऐकतात. ज्याचं आलं नाही तो जास्त लक्ष देऊन ऐकतो. त्यात असं काही निघालं तर महिनाभर त्याची टर उडते.

मग उरतं काय? पाऊस, पाणी, ढोरं. मी स्वतः बायकोला "लिंबूच्या झाडाला पाणी घालते का" असं लिहीत होतो. आमच्या दारात लिंबूचं झाड नव्हतं. ती समजायची.

तिसरं आणि कामाचं. टपाल क्रमाने येत नाही. महिनाभर काही नाही, मग रेशनच्या गाडीबरोबर तीन एकदम, त्यातलं शेवटचं आधी लिहिलेलं. म्हणून बरेच जवान पत्राच्या कोपऱ्यात आकडा टाकतात. तुमच्या पत्रांवर आहे का बघा.

पांझराकाठ

सुभेदारसाहेब, सलाम. ९९ आहे. आणि आकडे आहेत! डाव्या कोपऱ्यात, बारीक, पेन्सिलीने. मला वाटलं होतं नानांनी हिशोबासाठी टाकले. लावून बघितली. १, २, ३, ४, ६, ७. पाच नंबरचं पत्र पेटीत नाही.

केळीची_वेफर

मला आता झोप लागणार नाही.

दप्तरखाना

९९ म्हणजे पूर्वेकडची आघाडी. पलटण कोणती ते इथे टाकू नका, पण मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बांगलादेशातल्या जमालपूरचा विषय निघाला असता घरात. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, लढली. आपल्या बाजूने शरण येण्याचं पत्र गेलं, तर तिथल्या पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्या लढाईतलं सगळ्यात गाजलेलं पत्र तेच.

पत्रांच्या तपासणीबद्दल: ही रीत जुनी. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी १९१४ मध्ये फ्रान्सला गेल्या, तेव्हा त्यांची पत्रं तपासायला बुलोनला वेगळी कचेरी उघडली. कॅप्टन हॉवेल नावाचा अधिकारी तिचा प्रमुख होता. त्या कचेरीने इंग्रजीत उतरवलेले उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. म्हणजे मनातलं आधी लेखनिकाला सांगायचं, मग ते तपासनीस वाचणार, मग गावात पुन्हा कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार. बायकोपर्यंत पोचेतो तीन-चार कानांवरून गेलेलं. तरी पोरं हुशार. "काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची काढताहेत" असं लिहायचे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. साहेबांनाही ते कळलं, म्हणून तर त्यांच्या अहवालात आलं.

खानदेशापुरतं बोलायचं तर फौजेचा धागा त्याहून मागे जातो. धरणगावला १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली...

पुणेकर_मूळ_जळगाव

दप्तरखाना, धरणगाव नको. त्यावर तुमचाच एक अख्खा धागा आहे. इथे पाच नंबरचं बघू.

माझं म्हणणं मी थोडं सैल करतो. पण एक शंका. प्रेम होतं तर थेट जिजींना का नाही लिहिलं? शिकलेल्या नव्हत्या का?

पांझराकाठ

सातवी. सुंदर अक्षर. पण कुवार पोरीच्या नावाने फौजेतून पत्र? आमच्या गावात? टपाल पारावर वाटली जायची, पोस्टमन नाव मोठ्याने पुकारायचा. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचलं असतं.

चोपड्याची_सून

वाचत होते, लिहिणार नव्हते. पण "आता मोबाईल आहे, आता कसला विरह" असं कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहिते.

आमचे हे आता नोकरीत आहेत. कुठे ते लिहीत नाही. २०२५ ला आखाजी ३० एप्रिलला होती. मी माहेरी आले होते. हे सुट्टीवर येणार होते, झेलमचं तिकीट झालेलं, जळगावला घ्यायला भाऊ जाणार होता. मग ७ मे उजाडला, ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. सुट्ट्या रद्द. त्या दिवशी एक मेसेज आला, "फोन बंद राहील, काळजी नको". पुढे काही नाही. १० मेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाल्याचं टीव्हीवर सांगितलं, तरी फोन बंदच.

त्या दिवसांत मी काय करत होते सांगू? व्हॉट्सॲप उघडून "शेवटचं ऑनलाइन" बघायचं. वेळ बदलली की जिवंत आहेत. एके रात्री पावणेतीनला बदलली. मला एक अक्षर पाठवलं नाही, फक्त उघडून बंद केलं. मी सासूबाईंना फोन करून उठवलं. त्या म्हणाल्या, "जेवला असेल ना गं तो?" आम्ही दोघी फोनवर रडलो आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी एकमेकींना काही झालंच नाही असं दाखवलं.

नंतर फोन लागला तेव्हा काय बोलले असतील? "बोअरला पाणी किती आहे? केळीला खत टाकलं का?" देवाशपथ. शेजारी दहा जणं उभी असतात, मागून कोणीतरी "चल रे, माझा नंबर" म्हणतं. सुभेदारकाका म्हणतात ते आजही तसंच आहे. लिंबूच्या झाडाचं वाचून मी खूप हसले. आमच्याकडे "कूलरची मोटर दुरुस्त केली का" असतं. कूलर मी कधीच विकून टाकला.

सुभेदार_एरंडोल

बेटा, सुखी राहा. त्यांना माझा जय हिंद सांग.

गिरणाथडी

सगळं छान चाललंय, तरी मी मिठाचा खडा टाकते.

हे गोड वाटतं कारण बापू परत आले. आमच्या भडगाव भागात माझ्या आईच्या नात्यात एक बाई होत्या. १९६५ च्या आधी सोयरीक झालेली, सुपारी फुटलेली, लग्न लढाईनंतर करू म्हणून थांबवलेलं. तो मुलगा आला नाही. तार कोणाला आली? त्याच्या बापाला. हिला नाही. हिच्यापर्यंत बातमी आली ती त्या गावाहून कापूस विकायला आलेल्या गाडीवानाकडून. ना ती विधवा, ना कुमारिका. फौजेच्या कागदावर तिचं नाव कुठेच नाही, पेन्शन नाही, पत्र नाही, सांत्वनाला कोणी साहेब नाही. गावाने मात्र नाव ठेवलं: पांढऱ्या पायाची. पुढे एका बिजवराला दिली. तिने झोक्यावर बसणं सोडलं असं काही नाटकी झालं नाही. तिला बोलवतच नव्हते.

आणि लग्न झालेलीचं तरी काय बरं होतं? शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने दुसरं लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद व्हायचा. दिराशी केलं तर मात्र चालू! ही अट सरकारने काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे तोपर्यंत बाईचं दुःख सरकारदरबारी घरच्या वावरासारखं, घराबाहेर जायला नको.

तेव्हा त्या नोव्हेंबरच्या पत्रात "झोका कोणत्या निंबाला" लिहिणारा माणूस आपल्यापुरता हुशार होता, मान्य. पण उत्तराची वाट बघत बसलेल्या पोरीच्या हातात काय होतं? भावाने वाचून दाखवलं तर दाखवलं.

पुणेकर_मूळ_जळगाव

हे वाचून गप्प बसलो होतो. बरोबर आहे तुमचं, ताई.

दप्तरखाना

गिरणाथडी, तारेबद्दल जोडतो. तार फक्त कागदोपत्री वारसाला. आणि ती यायची तेव्हा गावात आधीच धसका बसायचा, कारण साध्या कामाला तार कोण करतं? २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा बऱ्याच जणांनी हौसेने शेवटची तार पाठवली. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी त्या कागदाला हात लावला नाही.

माणूस न परतण्याचं पहिल्या महायुद्धातलंही एक सांगतो. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सगळी फौज शरण गेली आणि पुढे कैदेत पुष्कळ मेले.

पांझराकाठ

गिरणाथडी ताईंचं वाचल्यावर राहवलं नाही. रविवारी पत्रं घेऊन जिजीकडे गेलो. सविस्तर लिहितो, कारण केळीची वेफर यांनी खासगीत दोनदा विचारून झालंय.

जिजी ओसरीवर बिबडे वाळत घालत होती. मी सुतळी सोडली, म्हटलं, बापूंची पत्रं आहेत, वाचू का? म्हणाली, वाच, मला चष्म्याने भिरभिरतं. मी वाचत गेलो. कपाशीला हूं, गोऱ्ह्याला हूं. झोक्याचं वाक्य आलं तेव्हा मी थांबून तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. म्हटलं, जिजी, हे झोक्याचं काय?

ती म्हणाली, "झोका कसाना? त्याले नाडानी पडेल व्हती. नाडा त्यासना व्हता, मन्हा भाऊनी मांगी लयेल व्हता, परत दिधा नई."

खुलासा असा. बापूंच्या विहिरीवर इंजिन बसलं तेव्हा मोट सुटली आणि मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, रिकामा झाला. तो नानांनी आखाजीच्या झोक्यासाठी मागून आणला. दोन आखाज्या झाल्या तरी नाडा आमच्याच घरी. म्हणजे जिजीच्या मते ती सगळी पत्रं उधारीची आठवण आहेत. झोका कोणत्या निंबाला बांधणार, म्हणजे माझा नाडा अजून तुमच्याकडेच आहे ना.

मी म्हटलं, जिजी, लढाई तोंडावर असताना माणूस नाड्याची चौकशी करेल का? म्हणाली, "तू त्यासले वळखत नई." आणि बिबडे उलटायला लागली.

अहिराणी_भो

जिजी भारी शे! मंडई, हाई बाई तुमले इतिहास भूगोल समदं शिकाडी दी.

केळीची_वेफर

मी नाही मानत. नाडा परत हवा असता तर "नाडा पाठवा" लिहिलं असतं. घरच्यांना लिहून आणवून घेतला असता. आणि जिजींनी सांगितलंच नाही की त्या झोक्यावर कोण बसायचं.

पुणेकर_मूळ_जळगाव

मी मानतो. खानदेशी माणूस वस्तू विसरत नाही. आमच्या काकांनी मुंबईला बदली झाल्यावरही शेजाऱ्याकडचा मांड्यांचा खापर पत्र लिहून परत मागवला होता.

गिरणाथडी

दोन्ही खरं असू शकतं. नाडाही हवा होता आणि तो तिच्याच घरी राहावा असंही वाटत होतं. तो नाडा तिथे आहे तोवर चौकशी करायला कारण आहे.

लग्नात नाडा परत गेला का, हे विचारलं का कोणी?

पांझराकाठ

विचारलं होतं. जिजीच्या रुखवतात ठेवला होता म्हणे, लाल कापडात गुंडाळून. वऱ्हाडी हसून हसून बेजार झाले. बापूंनी तो उघडून, लांबी मोजून घेतला.

चोपड्याची_सून

मोजून घेतला!! मी हे आमच्या यांना पाठवलं. उत्तर आलं, "कूलरची मोटर दुरुस्त केली का?"

सुभेदार_एरंडोल

नाड्याचं जिजींनी छान पटवलं. पण मी पण फौजेत चोवीस वर्षं काढली, चौकशीत कोण कुठे वळण घेतं ते कळतं. जिजींना एवढंच विचारा: पाच नंबरचं पत्र कुठंय? बाकीची सगळी नानांच्या पेटीत आहेत. गहाळ व्हायचं तर दोन-चार झाली असती. मधलं एकच कसं जातं?

पांझराकाठ

साहेब, फोन लावून तुमचा प्रश्न शब्दाला शब्द विचारला. पलीकडे जरा वेळ नुसता टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाली, "त्या सुभेदारले इचार, तवय मोटना नाडा कितलाले भेटे?" आणि फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, १९७१ ला नाडा केवढ्याला होता?